फुग्यांची पट्टी

रुग्णालयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिथले ईमेल आणि फोन सांभाळणाऱ्या केतकीने रुग्णांना जाणाऱ्या ईमेलच्या माथ्यावरची पट्टी बदलली. रंगीत फुगे सोडले आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आनंदाची बातमी!’ क्लिक केलं की समारंभाचं निमंत्रण उघडायचं. एका जागी बदललं की सगळ्या ईमेलांत बदलतं, ही ईमेल जुळवायच्या तयार ठोकळ्यांची सोय तिनेच कौतुकाने सगळ्यांना पटवली होती. तपासणीचे रिपोर्टही त्याच पट्टीखाली जातात, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी एका आजोबांचा फोन आला. “ताई, आमच्या मंडळींचा रिपोर्ट आलाय. खालचं इंग्रजी काही कळत नाही, पण वर ‘आनंदाची बातमी’ लिहिलंय. म्हणजे गाठ साधीच निघाली ना?”

केतकीने तो रिपोर्ट उघडला. शेवटच्या ओळीत कॅन्सर होता. घाईघाईने तिने फुगे पुसले. पुढच्या ईमेलांतले गेले. आजोबांच्या मोबाइलवरचे हलणार नव्हते.

“आजोबा, तुम्ही... डॉक्टरांना येऊन भेटा,” एवढंच तिला बोलता आलं.

“येतो की! हिलाही आणतो.” मागे देवघरातली घंटा वाजली. “हिने देवापुढे साखरसुद्धा ठेवली. डॉक्टरांना पेढे कुठले आवडतात हो, कंदी का साधे?”