पाथरीची फाईल

"पुन्हा अडकली," सिद्धोधनराव म्हणाले, आणि परमेश्वरने कपाळावर हात मारला.

पाथरीच्या दूध संकलन केंद्रातला कॉम्प्युटर रोज सकाळी दुधाच्या नोंदींची फाईल परभणीच्या डेअरीतल्या कॉम्प्युटरला आपोआप पाठवायचा. पासवर्डही तोच द्यायचा. कुणी हात लावायची गरज नव्हती. पण दर दोन-चार दिवसांनी परभणीचा कॉम्प्युटर पासवर्ड नाकारायचा. फाईल नाही म्हणून टँकर डेअरीच्या फाटकाबाहेर उन्हात उभा.

परमेश्वरने वायरी बदलल्या, मोडेम बदललं, शेवटी कॉम्प्युटरच बदलला. "आता टँकर थांबला तर तुझ्या जागी दुसरा इंजिनियर," मॅनेजरने सुनावलं होतं. म्हणून आज तो सकाळपासून पाथरीत ठाण मांडून बसला होता.

केंद्र सांभाळणाऱ्या सिद्धोधनरावांनी लगेच परभणीला फोन लावला. डेअरीतली बाजू सुकेशनी मॅडम सांभाळायच्या.

"मॅडम, पासवर्ड चुकला म्हणायलाय."

"बदललाय वाटतं. सांगते, लिहून घ्या."

ती एकेक अक्षर सांगत गेली. सिद्धोधनराव प्रत्येक अक्षर परत म्हणत होते.

"सावकाश सांगा. आवाज लय बसलाय तुमचा. आल्याचा काढा घ्या."

"घेते."

"काका, काढा राहू द्या!" परमेश्वर ओरडला. "टँकर ताटकळलाय तिकडं!"

फाईल गेली. परमेश्वर तडक परभणीला आला. त्याने स्वतः नवा पासवर्ड ठरवला आणि पाथरीला फोन करून दोन्हीकडे बसवला.

"मॅडम, झालं एकदाचं. आता पाथरीच्या काकांचा फोन यायचा न्हाई तुमाला."

"बरं झालं," सुकेशनी म्हणाली.

फाटकापर्यंत गेल्यावर त्याला हेल्मेट आठवलं. तो परत आला. ऑफिसात सुकेशनी एकटीच होती. पडद्यावर पासवर्ड बदलायची चौकट उघडी होती आणि तिची बोटं कीबोर्डवर चालत होती.

परमेश्वर दारातच थिजला.

"मॅडम! हे तुमी करायलाव? माझी नोकरी जायची पाळी आली, अन् मी येड्यासारखा वायरी बदलायलोय!"

सुकेशनीने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"मी माझ्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "ते फक्त डेअरीतल्या मॅडमशी बोलतात."