वाकणारे पंख

"पंखे बंद करा गो सगळे!" शकूमावशी ओरडल्या. हमरापुरातला त्यांचा गणपतीचा कारखाना एकदम शांत झाला. रंगवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

हेमांगी इथल्या उंच छपरासाठी आली होती आणि तिला वाऱ्याची झुळूकसुद्धा नको होती. तिच्या तळहातावर चिमणीहून लहान विमान होतं, पंख फडफडवून उडणारं. निदान उडायला हवं असलेलं. ताठ पंखांची आधीची दोन्ही विमानं पडून मोडली होती. याचे पंख पातळ पापुद्र्याचे, लवचीक. हवा पंखाला वाकवते आणि वाकलेला पंख हवेला वळवतो. हा सगळा खेळ ती दोन वर्षं पेणच्या घरी कॉम्प्युटरवर मांडत होती. हेही मोडलं तर पैसे देणारी संस्था काम बंद करणार होती.

विमान बांधणारा विराज रिमोट घेऊन उभा होता. खाली गादी अंथरली होती.

"पंख हलत असताना आपटलं तर चुरा होईल," तो म्हणाला. "पडायला लागलं की मी मोटर बंद करणार."

"सुरुवातीला ते वीतभर खाली येईलच. तेव्हा बंद करू नकोस. पंखांना लय सापडायला तेवढा वेळ लागतो."

"हे तुझा कॉम्प्युटर म्हणतो."

"हो."

हेमांगी शिडीवर चढली. विराजने मोटर चालू केली. पंख फर्रर्र करून फडफडले आणि तिने हात काढून घेतला.

विमान सरळ खाली येऊ लागलं.

"हेमांगी, गेलं!" विराजचा अंगठा बटणावर टेकला.

"थांब!"

"मोडेल ते!"

"विराज, थांब!"

त्याने बटण दाबलं नाही. हवेत दोन्ही पंखांच्या कडा एकदम लवल्या. आवाज बदलला, भरीव झाला. विमान अधांतरी थबकलं आणि वर चढू लागलं. विराजच्या डोक्यावरून, मग पांढऱ्याशुभ्र मूर्तींच्या सोंडांवरून ते पार पत्र्याखाली गेलं आणि तिथेच गुणगुणत राहिलं.

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विराजने बटणावरचा अंगठा काढला. "वीतभर," तो पुटपुटला. "अगदी वीतभरच आलं गं!"

हेमांगी शिडीवरच हसत होती आणि डोळे पुसत होती.

शकूमावशींनी मान वर केली. "आता उतरवायचं कसं गो?"

"उतरायचं गणित अजून मांडलंच नाही, मावशी!"

"मग ऱ्हाऊ दे की वर," मावशी म्हणाल्या.