डोमाचा वाटा

जपान्यांच्या कैदेतून इस्तारी एकटाच आपल्या गावी, सावलीला, परतला. सोबतचा डोमा तिकडेच मातीआड झाला होता. येताना इस्तारीनं पहारेकऱ्यांची एक लकब तेवढी आणली. ते ‘जायलाच हवं’ असं म्हणत नसत. ‘नाही गेलो तर…’ एवढंच बोलून पुढचं गिळून टाकत.

नऊ वर्षं, तळ्यात जाळं ओढलं की तो डोमाचा वाटा वेगळा काढी. “नाई नेऊन देला तं…” एवढंच बायकोला म्हणे आणि डोमाच्या आईकडे, गोकुळाबाईकडे, जाई. ती बिचारी अजून लेकाची वाट पाहते, असं त्याला वाटे.

आज मासे ठेवून त्यानं धीर केला. “माय, डोमाचं सांगतलं नाई तं…”

“राहू दे अर्धंच,” खवले काढताना मान वर न करता ती म्हणाली. “पुरं सांगतलं तं उद्यापासून तू कायले येशीन?”