'ओता' म्हणायच्या आधी

स्वरूपनं तोंड उघडलं आणि 'ओता' म्हणता म्हणता तो थांबला.

क्रेनला टांगलेलं लॅडल, लोखंड ओतायचं ते मोठं भांडं, वाळूच्या साच्याच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. आतल्या वितळलेल्या लोखंडाची धग गालाला चटके देत होती. लॅडल कलंडवायचं चाक धरून शामू उभा होता, साच्याच्या डाव्या कोपऱ्यालाच. मागं कारखान्याचे मालक जिनेंद्र साहेब आणि म्हातारा सुपरवायझर भरमाण्णा. आज स्वरूपला पहिल्यांदाच ओतकाम सांभाळायचं होतं. निभावलं तर भरमाण्णाच्या जागी सुपरवायझर तोच. नाही तर आहेच जन्मभर वाळू चाळणं.

रीत भरमाण्णानं घालून दिलेली. साचा वाळल्याची खात्री करून ज्यानं 'ओता' म्हणायचं, त्यानं साच्याजवळून हलायचं नाही. साचा कुठं ओला राहिला, तर लोखंड पडल्या पडल्या वाफ होते आणि सगळं उसळून अंगावर येतं. सांगणारा आणि ओतणारा, दोघंही भाजून निघतात.

स्वरूपला भीती वाटत होती. पण त्यात नवल ते काय! आठवडाभर तो भीतच होता. जेवताना भीती, झोपेत भीती, कारखान्याकडं येणाऱ्या उद्यमबागच्या बसमध्ये चढतानासुद्धा छातीत धडधड. हे मेलं भित्रं काळीज, साचा ओला असला तरी धडधडणार आणि खडखडीत वाळला असला तरी धडधडणार. त्याचं ऐकायचं तरी कसं?

"बेग बेग, स्वरूप! लोखंड गार होतंय," जिनेंद्र साहेब ओरडले.

गप बस जरा, तो आपल्याच भीतीला मनात म्हणाला. मी काय काय केलं तेवढं आठवू दे. साच्याची पेटी बंद करायच्या आधी उजव्या अंगाला वाळवायला गॅसची ज्योत फिरवली. मध्ये फिरवली. हात लावून बघितला. मग साहेब आले, शेजारी उभे राहिले, आणि मी...

त्यानं डाव्या कोपऱ्याकडं बघितलं. साहेबांसमोर चटपटीत दिसावं म्हणून त्यानं घाईघाईनं वरची पेटी बसवायला लावली होती. डावा कोपरा तसाच राहिला होता.

"थांब, शामूअण्णा! ओतू नकोस! डाव्या कोपऱ्याला मी गॅस फिरवला न्हाय."

"म्हणजे, ओला हाय?" साहेबांनी विचारलं.

"ठाऊक न्हाय, साहेब. बघितलंच न्हाय मी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. शामूनं कानडीत एक शिवी हासडली आणि सगळं लोखंड बाजूच्या वाळूच्या खड्ड्यात ओतून टाकलं. दिवसभराची मेहनत मातीत! मग वरची पेटी उचलली. भरमाण्णानं वाकून डाव्या कोपऱ्यात हात घातला, तळवा दाबून धरला, पुन्हा चाचपलं.

"कोरडा हाय की रं," तो म्हणाला. "ठणठणीत!"

कुणीतरी फिसकन हसलं. धरणीनं पोटात घ्यावं असं स्वरूपला झालं. "सुपरवायझरचं नंतर बघू," म्हणून साहेब तडातडा निघून गेले. बाकीचेही पांगले. आता कारखान्यात आपलं हसं होणार, हे त्याला पुरतं कळलं होतं.

"माफ कर, अण्णा. सगळ्यांची मेहनत वाया घालवली मी."

 शामू खड्ड्यातल्या लालभडक लोखंडाकडं बघत होता. मग त्यानं साच्याच्या डाव्या कोपऱ्याकडं, मघाशी आपण उभे होतो त्या जागेकडं बघितलं.

"उद्याबी तूच सांग," तो म्हणाला. "तू 'ओता' म्हटल्याबिगर मी चाकाला हात लावणार न्हाय."