उरलेला रबरबँड

एडीएचडीमुळे तिची कामांची यादीसुद्धा हरवायची, म्हणून तिने तोडगा काढला होता. सकाळी प्रत्येक कामाचा एक रबरबँड मनगटात चढवायचा आणि काम झालं की उतरवायचा.

आज एक उरलाच. बाटल्या उकळल्या होत्या, कपडे वाळत घातले होते. पलीकडच्या खोलीत पाळण्यात छकुली मजेत बडबडत होती.

तिने नवऱ्याला फोन लावला. "अरे, काय विसरतेय मी?"

"काही नाही गं. काढून टाक, बाईसाहेब, हाताला वळ उठतील," तो हसला.

तिने रबरबँड काढला. बडबड अर्ध्यावरच थांबली.

ती धावली. पाळण्यातल्या चादरीवर सुरकुतीसुद्धा नव्हती.

"अरे, छकुली पाळण्यात नाहीये!"

"कोण छकुली?" तो अजून हसतच होता.