एकच श्रोता

“आणि आता तर सॉफ्टवेअर लिहिणारं सॉफ्टवेअरच आलंय, बाबा,” असं म्हणत जावयाने खुर्ची आणखी पुढे ओढली. सासऱ्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, उघडं घड्याळ बाजूला सारलं आणि कौतुकाने मान डोलावली.

जावयाचा ऊर भरून आला. पंधरा वर्षं तो विमा कचेरीत अर्ज तपासत होता, पण जीव सगळा इंटरनेटवरच्या नव्या नवलाईत. कुठे काय नवं आलं ते त्याला आधी कळायचं आणि कळलं की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. ऐकणारं मात्र कुणी मिळत नसे. त्याने तोंड उघडलं की कचेरीतल्या लोकांना एकदम कामं आठवत. मेहुणी त्याला पाठीमागे ‘अपडेट’ म्हणायची. बायको तर दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात पळायची, आणि तिथे दूध तापत ठेवलेलंच नसायचं.

महिन्यापूर्वी त्याने सासऱ्यांना कानाचं नवं यंत्र आणून दिलं. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. नजर शाबूत होती, कानांनी मात्र दगा दिला होता. जावयाने यंत्र फोनला जोडून दिलं आणि दोन तास समजावून सांगितलं. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, शेजारच्यांचं ड्रिल, जे नको ते फोनवरून बंद करायचं. हवं तेवढंच ऐकायचं. घड्याळातली स्प्रिंग चिमट्याने बसवणाऱ्या माणसाला ते जमायला वेळ लागला नाही.

तेव्हापासून चमत्कारच झाला. दर रविवारी सकाळी जावई यायचा, बोलायला बसायचा आणि सासरे ऐकायचे. जांभई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. ज्या घरात पन्नास घड्याळं टिकटिकत होती तिथे ही काही साधी गोष्ट नव्हती. उलट मध्येच फोनवर नजर टाकून ते आणखी उत्साहाने मान हलवायचे. महत्त्वाचे मुद्दे टिपून घेत असावेत, असं जावयाला वाटे.

आज तो मोठं काहीतरी ठरवून आला होता. बायको आईला मटार सोलायला मदत करत होती. तिला त्याने अजून काही सांगितलं नव्हतं. त्याने घसा खाकरला.

“बाबा, नोकरी सोडायची म्हणतोय. गावोगाव फिरून नव्या तंत्रज्ञानावर व्याख्यानं देईन. तुमच्यासारखा जाणकार माणूस एवढं मन लावून ऐकतो म्हणजे माझ्यात काहीतरी असणारच. देऊ ना राजीनामा?”

सासरे प्रसन्न हसले. त्यांनी एकदा नाही, तीनदा मान डोलावली.

मटार सोलणारे चार हात थांबले. बायको उभी राहिली. जावयाने वाकून सासऱ्यांच्या पाया पडून घेतलं, खिशातून फोन काढला आणि तयार असलेलं राजीनाम्याचं पत्र उघडलं. पाठवायला अंगठा उचलला, तोच टेबलावरचा सासऱ्यांचा फोन उजळला. त्यात काहीतरी नवीन सोय आलेली दिसत होती. आपल्याला माहीत नसलेली. त्याला राहवेना. त्याने फोन ओढून वाचलं.

मग त्याने राजीनाम्याचं पत्र खोडून टाकलं.

“काय झालं?” बायकोने घाबरून विचारलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने एका शब्दानेही काही समजावून सांगितलं नाही. नुसता फोन तिच्या हातात दिला. पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं:

‘जावयांचा आवाज बंद आहे. बोलण्याचा सारांश: ते खुशीत आहेत. अजून अंदाजे चाळीस मिनिटं मान हलवत राहा.’