सगळी उत्तरं बरोबर

‘‘शाळा आवडते का गं तुला?’’ टेबलापलीकडून अधिकारी बाईंनी विचारलं आणि आईने लेकीकडे पाहिलं. आता पोर मान खाली घालणार, बोलणार नाही, कदाचित रडायलाच लागेल. रडली तरी बरंच, असं आज पहिल्यांदाच तिला वाटलं.

‘‘हो,’’ लेक म्हणाली. ‘‘खूप आवडते.’’

आई बघतच राहिली. ही तीच मुलगी, जिला गणवेश नुसता दिसला तरी उलटी व्हायची. सहामाहीपासून तिने शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. समजावून झालं, रागावून झालं; एकदा तर आईने तिला उचलून गाडीत कोंबलं आणि मग स्वतःच ढसाढसा रडली. शेवटी कुणीतरी सांगितलं, अशा मुलांना शिकवायला शिक्षण खातं घरी शिक्षिका पाठवतं. झालं, शिवणाचं दुकान बंद ठेवून ठेवून आईने या कचेरीत खेटे घातले. डॉक्टरांचा दाखला दिला, हातापाया पडली. पण मुलीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मंजुरी नाही, असा इथला नियम.

‘‘अहो, ती बाहेर पडत नाही म्हणून तर आलेय मी,’’ तिने कारकुनाला सांगून पाहिलं होतं.

‘‘मग घेऊन या आणि दाखवा की तसं,’’ कारकून म्हणाला होता. बोला आता!

आज कसंबसं आणलं होतं. दारातून दोनदा मागे, जिन्यावर बसकण, कोपऱ्यावर आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभी. आणि आता बघा, खुर्चीत ताठ बसलेली, केस नीट, आवाज स्वच्छ. दुसऱ्याच कुणाची तरी पोर वाटावी.

‘‘मैत्रिणी आहेत?’’

‘‘हो, आहेत.’’

‘‘मग शाळेत जायचं ना?’’

‘‘हो मॅडम. जाणार आहे मी.’’

आता कुठे आईच्या डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभर पोरीने एकच धोशा लावला होता, त्या काय विचारतील, मी काय सांगू? आणि आईने, या शहाण्या आईने, सांगितलं होतं, ‘‘घाबरू नकोस गं, विचारतील त्याची नीट उत्तरं दे, की झालं. मग बाई घरीच येतील शिकवायला.’’ चारचौघांत उत्तर चुकेल या धास्तीनेच तर तिने शाळा सोडली होती. ती इथे परीक्षा द्यायला आली होती आणि मोठ्या माणसांना जे ऐकायला आवडतं ते सगळं पाठ करून आली होती.

‘‘मॅडम, हे ती भीतीपोटी बोलतेय हो,’’ आई कळवळून म्हणाली.

‘‘माझी कसली भीती? मी काय खाते तिला?’’ बाई हसल्या. तशा वाईट नव्हत्या त्या. मघाशी त्यांनी स्वतः उठून पोरीला पाणी दिलं होतं. ‘‘काय गं, भीती वाटते माझी?’’

‘‘नाही मॅडम.’’ लेकही हसली.

टेबलाखाली तिचा अंगठा बोटाची साल सोलत होता. नखाच्या कडेला रक्त आलं होतं. आईने तो हात धरला. वर उचलून बाईंपुढे ठेवायचा, एवढंच काम होतं. पण पोरीने तिच्याकडे असं पाहिलं, की आईचा हात तिथेच थांबला. मग पोरीने हळूच आपला हात सोडवून घेतला आणि बाहीत लपवला.

‘‘तुमची काळजी कळते मला,’’ बाईंनी कागद बाजूला सारला. ‘‘पण इतक्या गुणी मुलीला घरात कोंडून तुम्ही तिचंच नुकसान करताय. आता शाळेत पाठवा, नाहीतर पटावरचं नाव कमी होईल. जरा सैल सोडा तिला.’’

डॉक्टरांचा दाखला... पुन्हा एकदा तपासणी... असं काहीतरी आई पुटपुटली. लेकीचं इकडे लक्षच नव्हतं, ती ओठांतल्या ओठांत आपली उत्तरं पुन्हा म्हणून बघत होती. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि पुढच्याला आत पाठवायला सांगितलं.

बाहेर आल्याआल्या लेकीने भिंतीचा आधार घेतला आणि ती भडाभडा ओकली. आईने तिचं कपाळ धरलं, पाठ चोळली, ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. पोरीचं अंग लटलट कापत होतं. पण चेहरा वर केला तेव्हा त्यावर, किती दिवसांनी कोण जाणे, चक्क आनंद होता.

‘‘आई, एक तरी चुकलं का गं माझं?’’

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

‘‘नाही गं बाई,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं बरोबर आलं तुझं.’’

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपणहून तिचा हात धरला.

‘‘म्हणजे आता शाळेत नाही ना जावं लागणार?’’